सावडीचा पाहुणा

तो आमच्याकडे आला तो खोली बघायला नाही, मेंढ्या बघायला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत बी.ए. करून घरी बसले होते. घर म्हणजे काटेवाडीच्या शिवारातली आमची वस्ती. भोवती ऊस, मागे गोठा आणि रस्त्याच्या कडेला आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भाड्याने द्यायला बांधलेली एक खोली, जी कुणीच घेत नव्हतं. मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात घरातल्या सगळ्यांवर चिडायचे. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरांचा मोठा कळप होता. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. मग कालव्याच्या फाट्याचं पाणी मिळालं, ऊस आला, आबा साखर कारखान्याचे सभासद झाले आणि कळप संपला. तरी चार-पाच मेंढ्या आबांनी ठेवल्याच. आई म्हणायची, यांचा उपयोग काय? आबा म्हणायचे, "समद्याचाच उपयोग बघाय लागलो तर घरात कोण ऱ्हाईल?" मग आईचा अबोला सुरू व्हायचा.

एका संध्याकाळी रस्त्यावर एक सायकल थांबली. उंच, काळाभोर, ताठ पाठीचा एक तरुण सायकल आडवी टाकून सरळ बांध ओलांडून आत आला. कुणाला काही न विचारता त्याने एका मेंढीच्या पाठीवर हात दाबून पाहिला, मग तिचे ओठ उघडून दात बघितले. आबा धावत गेले. मला वाटलं, आता भांडण. पण आबा त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि दुसऱ्या मेंढीचे दात त्याला दाखवायला लागले. तो त्याच्या भाषेत बोलत होता, आबा आपल्या. मी इंग्रजी घेऊन मधे पडले तर दोघांनाही ते आवडलं नाही.

तो सुदानचा होता. बारामतीजवळच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. त्याच्या घरीही मेंढरं होती, शिवाय उंट. उंट आहेत हे कळल्यावर आबांनी खोलीचं भाडं तिथल्या तिथे कमी केलं. थोड्याच दिवसांत तो ट्रंक घेऊन राहायला आला. नाव त्याचं मोठं होतं, ते आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना. आई त्याला पाव्हणं म्हणायला लागली, मग सगळी वस्तीच म्हणायला लागली. सुरुवातीला पोरं त्याला बघायला कुंपणाशी जमायची. एकाने तर बोटाला थुंकी लावून त्याच्या हाताचा रंग जातो का ते पाहिलं. मी त्या पोराच्या कानाखाली दिली. पाहुणा मात्र हसला. मला त्याचं ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं. माणसाने कधीतरी रागवावं की नाही?

पहिलं वर्ष बरं गेलं. पुढे त्याच्या देशात लढाई आणि महागाई दोन्ही वाढली, वडलांची जनावरं विकली गेली. फी कशीबशी आधीच भरलेली होती, पण खाण्यापिण्यासाठी घरून येणारे पैसे आधी उशिरा यायला लागले आणि मग यायचे थांबले. तो बारामतीच्या एसटीडी बूथवर जाऊन उभा राहायचा आणि फोन न करताच परत यायचा.

मग तो काम शोधायला लागला. परदेशी विद्यार्थ्याने काम शोधणं म्हणजे काय असतं, ते मला त्याच्यामुळे कळलं. त्याच्याकडे शिकण्याचा व्हिसा होता आणि त्याचा अर्थ सरळ होता: शिका आणि जा. नोकरी नाही. सुट्टीत नाही, कॉलेज सुटल्यावर तासभरसुद्धा नाही. त्याने कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारलं, लायब्ररीत पुस्तकं लावायचं तरी काम द्या. क्लार्क म्हणाला, कॉलेजच्या आतच देता येत नाही, तर बाहेरचं मी काय सांगू? पुण्यात त्याच्या ओळखीची मुलं होती. त्यांतला एक कुणाच्या घरी जाऊन अरबी शिकवायचा, दुसरा एका हॉटेलच्या भटारखान्यात मागच्या दाराने जायचा. पुणं मोठं, तिथे माणूस लपतो. आमच्याकडे कुणाच्या घरी पाहुणा आला तर चहाला उकळी फुटायच्या आत बातमी इंदापूरला पोचते. तिथे हा ताडमाड सुदानी मुलगा कुठे लपणार?

आणि गंमत अशी की काम द्यायला सगळेच तयार होते. आमच्या भागात रिकामा माणूस कुणाला बघवत नाही. बारामतीचा कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, संध्याकाळी शिकवायला ये, पाटीवर तुझा फोटोच लावतो. माळेगावचा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, कारखाना सुरू झाला की ऊस ओढायला ये. पाहुणा प्रत्येकाला हात जोडून नाही म्हणायचा आणि खोलीवर येऊन चहात बुडवून पाव खायचा.

आईच्या नजरेतून ताटं आणि पोटं सुटत नाहीत. तिने भाकरी, कालवण पाठवायला सुरुवात केली. थोडे दिवस त्याने खाल्लं. मग एकदा ताट जसंच्या तसं घेऊन तो ओसरीवर आला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "आईंना सांग, आमच्यात पाहुणा सुरुवातीचे काही दिवसच पाहुणा असतो. नंतर त्याने घरातल्या कामाला हात लावायचा असतो. मला काम करता येत नाही. म्हणून मला हे खाता येत नाही. फुकट खाणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत."

मी ते सांगितल्यावर आई पदराने डोळे पुसायला लागली. आबा मात्र तंबाखू मळता मळता म्हणाले, "मग सावडीनं करू की."

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. लागण असो, खुरपणी असो, मळणी असो, आमच्याकडे घरं एकमेकांची कामं अशीच उरकायची. त्यात पगार नाही, मजुरी नाही. कोण कुणाचा मालक नाही आणि कोण कुणाचा गडी नाही.

मी म्हटलं, "आबा, पण त्याचं रान सुदानात आहे. तुम्ही तिकडे खुरपायला जाणार का?"

"रान तिकडं आसंना. त्येचं पोट तर हितं हाय."

आणि आबांनी खरोखर जमवलं. बारामतीत ज्या खानावळीत कॉलेजची मुलं जेवायची, तिच्या मालकाचं रान इंदापूर तालुक्यात कळंबला होतं. आबा ट्रॅक्टर घेऊन तिकडे जायचे आणि त्याचं रान नांगरून यायचे. त्या बदल्यात खानावळवाला पाहुण्याला दुपारी जेवू घालायचा, आणि त्या बदल्यात पाहुणा कॉलेज सुटल्यावर आमच्या रानात यायचा. आबा या जुळणीवर इतके खूश होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. मी विचारलं, हे कायद्यात बसतं का? आबा म्हणाले, "कायद्यात मजुरी लिवली आसंल. सावड कशाला लिवत्यात?" मला ते पटलं नव्हतं. पण त्या दिवशी रात्री पाहुण्याने आईकडे भाकरी मागून घेतली. स्वतः तोंड उघडून, "आजून येक," म्हणाला. त्यापुढे मला कायदा आठवावासा वाटला नाही.

पहिल्यांदा त्याने गवताबरोबर आईची निम्मी कोथिंबीर उपटली. पण पुढे हात बसला. बायकांच्या ओळीत खुरपं घेऊन बसायचा आणि त्यांचंच ऐकून मराठी बोलायचा. त्यामुळे हा होऊ घातलेला इंजिनिअर थेट आमच्या शेजारच्या काकूंसारखं बोलायला लागला. मी शुद्ध बोलले की मलाच म्हणायचा, "आसं न्हाय म्हनत." रात्री उसाला पाणी धरायचं असलं की आबा आणि तो बॅटरी घेऊन जायचे, आणि मेंढरांच्या गप्पा इतक्या रंगायच्या की पाणी सरी सोडून भलतीकडे जायचं. आबांना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मी पोटची पोर, पण मला मेंढीचे दात कधी समजले नाहीत.

शेवटचं वर्ष आलं. परदेशी विद्यार्थ्याला दर वर्षी राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागायची आणि त्यासाठी पोलिसांकडून चौकशी व्हायची. आधीच्या वर्षी ती कॉलेजातच उरकली होती. या वेळी हवालदार वस्तीवर आला.

मी तेव्हा शिकवणीला गेले होते. परत आले तर लिंबाखाली खाट टाकलेली, हवालदाराच्या हातात चहा, आणि भोवती निम्मी वस्ती. हवालदाराने विचारलं होतं, तुमचा हा भाडेकरू कसा आहे? झालं. आमच्या लोकांना चौकशीचा एकच प्रकार माहीत, सोयरिकीचा. मुलीकडचे लोक मुलाची चौकशी करायला येतात तेव्हा शेजारीपाजारी हातचं राखून बोलत नाहीत. कुणाचं जमत असेल तर आपल्या तोंडाने मोडू नये, म्हणून आहे त्याच्या दुप्पट सांगतात. आणि आमच्याकडे माणसाची वाखाणणी एकाच गोष्टीवरून होते, कामावरून.

"कामाला वाघ हाय, सायेब," आबा सांगत होते. "अशी खुरपणी आमच्या पोरांस्नी येत न्हाय."

"आमच्या बी हितं आला हुता," शेजारच्या काकू म्हणाल्या. "दिस मावळंस्तवर पाठ सरळ केली न्हाय लेकरानं."

"टॅक्टर शिकलाय," तिसरा कोणी म्हणाला. "हंगामात कारखान्यावर लावला तर चार गड्यांचं काम येकटा करंल."

हवालदार लिहून घेत होता. मी ओरडले, "आबा, गप्प बसा." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं चांगलं स्थळ मोडायला निघाले होते. हवालदार भला माणूस होता. जाताना म्हणाला, "गुणाचं पोरगं दिसतंय. समदं चांगलंच लिवलंय मी."

चांगलंच लिहिलं होतं त्याने. काही दिवसांतच पाहुण्याला कॉलेजात निरोप आला: शेतमजुरी करतो असा अहवाल आहे, मुदतवाढ थांबवली आहे, घरमालकाला घेऊन पुण्याच्या पोलीस ऑफिसात या. परीक्षा तोंडावर आली होती. मुदत वाढली नाही तर परीक्षेला न बसता देश सोडावा लागणार होता. इतक्या वर्षांचं शिक्षण पाण्यात. हे मी आबांना समजावून सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ एकच वाक्य बोलत होते, "आगं पर मी चांगलंच सांगितलं की."

पुण्याच्या एसटीत मी आबांना पढवत होते. साहेबापुढे त्याचं कौतुक करायचं नाही. तो काहीच काम करत नाही म्हणायचं. आळशी आहे म्हणायचं.

"पाव्हण्याला आळशी म्हनू?"

"म्हणा."

"त्येच्या म्होरं?"

"त्याच्यासमोरच म्हणायचं आहे, आबा. नाहीतर तो जाईल."

पाहुणा आमच्या पुढच्या सीटवर बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं आणि कळतही होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ऑफिसातला साहेब सांगलीकडचा होता, पन्नाशीचा, वागायला वाईट नाही. त्याने अहवाल वाचून दाखवला. मी सांगितलं, साहेब, आमच्या लोकांना वाटलं सोयरिकीची चौकशी आहे. साहेब मोठ्याने हसला. त्याच्याही गावात अशीच माणसं असणार. मग तो आबांकडे वळला, "बरं, मग खरं काय ते तुम्ही सांगा."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बोलायला लागले.

"खरं सांगू का सायेब, लय आळशी हाय. दिस कासराभर वर येईस्तवर लोळतोय. खुरपं कुठल्या बाजूनं धरायचं त्ये बी कळत न्हाय. आमची मंडळी दोन टायमाला ताट निऊन देती. खातोय आन झोपतोय. निस्ता फुकटखाऊ हाय."

तो शेवटचा शब्द मी शिकवलेला नव्हता. बोलण्याच्या भरात आबा पुढे गेले होते. कधी खोटं न बोललेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

साहेबाने पाहुण्याला इंग्रजीत विचारलं, "हे काय म्हणतात ते समजलं का? मराठी येतं?"

"नाही, सर," पाहुणा म्हणाला.

त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते. उसाच्या पाल्याने ते कोपरापर्यंत चिरलेले होते. तो आत येताना साहेबाने ते पाहिले असतील का, मला सांगता येणार नाही. त्याने परीक्षेपर्यंतची मुदत दिली आणि बजावलं, यापुढे हा रानात दिसला तर तुम्हीही अडचणीत याल. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी इतकी हसत होते की स्वारगेटच्या गर्दीत लोक वळून बघायला लागले. आबांनी केळी घेतली आणि एक पाहुण्यापुढे धरलं.

"भूक न्हाय, आबा," तो म्हणाला.

तेव्हा माझं हसू थांबलं.

त्या दिवसापासून त्याने रानात पाऊल टाकलं नाही, आणि टाकून चालणारही नव्हतं. पण त्याने खानावळीत जाणंही बंद केलं. आई ताट घेऊन गेली की म्हणायचा, कॉलेजात खाल्लं. वस्तीची खुरपणी त्याच्या खिडकीसमोरून चालायची. बायका हाक मारायच्या, "पाव्हणं, सायेब झालासा व्हय आता?" त्यांना काय माहीत. तो खिडकी लावून घ्यायचा. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत खिडकी बंद करून तो अभ्यास करायचा, आणि मला आबांचा, साहेबाचा, हवालदाराचा, सगळ्यांचा राग यायचा.

आई आबांना म्हणाली, जाऊन सांगा त्याला, मनातलं नव्हतं म्हणून. आबा त्याच्या दारापर्यंत गेले, उभे राहिले आणि परत आले. "आभ्यास करतोय," म्हणाले. असं पुन्हा पुन्हा झालं. त्याचा अभ्यास काही संपेना.

शेवटी मीच गेले. म्हटलं, "आबांनी ते तुला वाचवायला म्हटलं. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण साहेबांना ते लगेच पटलं. म्हणजे पटण्यासारखं होतं."

मग आईने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. ती ताट घेऊन त्याच्या उंबऱ्यात बसायची आणि तो जेवल्याशिवाय उठायची नाही, वासरं हंबरत राहिली तरी. तो खाली मान घालून चार घास खायचा. आता त्याने "आजून येक" असं कधीच म्हटलं नाही.

परीक्षा झाली. मुदत संपत होती, निकालाला थांबता येणार नव्हतं. तो पास झाल्याचं पुढे कॉलेजातूनच कळलं. निघायच्या दिवशी आई ओसरीवरच रडत बसली. आबा आणि मी त्याला सोडायला बारामतीच्या स्टँडवर गेलो. आबांनी त्याची ट्रंक स्वतः उचलून गाडीच्या टपावर चढवली. त्याने अडवलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." दोघं एकमेकांकडे न बघता मेंढ्यांविषयी बोलले. एकीला कोकरू झालं होतं म्हणे.

गाडी सुरू झाली. इंजिनाचा तो नेहमीचा खडखडाट. पाहुणा खिडकीतून वाकला आणि मला मधे न घेता सरळ आबांना म्हणाला, "आबा, मी फुकट न्हाय ना खाल्लं?"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळून फाटकाकडे गेली तेव्हा आबा तिच्यामागे दोन-चार पावलं धावले आणि भर स्टँडवर ओरडले, "न्हाय रं लेकरा! न्हाय!" इतके दिवस ते त्याला तुम्ही म्हणत होते.

आबा आता थकलेत. मेंढ्या कधीच गेल्या. कधी कधी जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहतो आणि मला विचारतात, "त्येला ऐकू गेलं आसंल का गं?"

मी खेकसून म्हणते, गेलं हो, कितीदा सांगू? मग ते जेवतात. खिडकीत त्याची पाठ होती की तोंड, ते मला त्या धुरळ्यात दिसलं नव्हतं.